पातेल्याचं झाकण

"ते सगळं खरं, रेवण. पण मग ते मांडतं कोण?"

मडिवाळ अप्पांनी हे दुसऱ्यांदा विचारलं.

रेवणशेठ गालातल्या गालात हसले. गिऱ्हाईक तेच तेच विचारायला लागलं की माल पसंत पडला, ही त्यांची दुकानातली जुनी खूण.

"कुणीच नाही, अप्पा. तीच तर गंमत."

"कुणीच नाही?"

"आपोआप."



आता हे रेवणशेठ कोण, ते सांगायला हवं. अक्कलकोटच्या पलीकडे, जिथे मराठी बोलता बोलता माणूस नकळत कानडीत शिरतो, तिथल्या पेठेत त्यांचं तुपाचं दुकान. तूप कसलं, तर रवाळ. दाणा असा की बोटावर घेतला तर मोजता यावा. शिक्षण सातवीपर्यंत, पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. दुकानात डॉक्टर आला की शेठ नाडीबद्दल विचारणार, वकील आला की कलमांबद्दल, आणि रेल्वेचा ड्रायव्हर आला की गाडी थांबवायला ब्रेक किती लांबून लावतात, हे ऐकल्याशिवाय तुपाचा डबा त्याच्या हातात देणार नाहीत.

गेल्या महिन्यात बेंगळुरूची एक बाई आली. दुधातल्या स्निग्धांशाचं पोटात काय होतं, यावर लॅबमध्ये काम करणारी. तिला हवं होतं दोन किलो तूप. तिला मिळाले तीन चहा, एक बशी चिवडा आणि दोन तासांची बैठक. बाई उठायला लागली की शेठ म्हणत, "थांबा हो, ते शेपटीचं राहिलंच." शेवटी बिचारीनं दुकानातल्या दोऱ्याची गुंडी आणि कात्री घेऊन त्यांना सगळं करून दाखवलं.

तेव्हापासून शेठ ते ज्याला त्याला सांगत सुटले होते. पेठेतल्या न्हाव्यानं तीनदा ऐकलं होतं.

आज ते माळावरच्या मठात, आपल्या गुरूंकडे, म्हणजे अप्पांकडे, आले होते ते मात्र वेगळ्या कामाला. परवा मठाचा महाप्रसाद. चारशे पानं. हुग्गी, म्हणजे खपली गव्हाची गूळ घातलेली दाट खीर, आणि तिच्यावर तुपाची धार. या महाप्रसादात शेठचे दोन मान होते. एक, तूप त्यांच्या दुकानचं आणि वाढायचं त्यांच्या हातानं. दुसरा, पंगत त्यांनी मांडायची. कोण कुठल्या रांगेत, कुणाशेजारी, कुणापासून किती लांब, याची यादी शेठ आठवडाभर बसून करत, आणि त्या दिवशी मठाच्या पायरीवर उभे राहून खणखणीत आवाजात वाचत.

डबा आणि यादी, दोन्ही घेऊन ते आले होते. डब्यातलं तूप बोटावर घेऊन अप्पांनी जिभेला लावलं आणि सहज म्हणाले, "हे पोटात गेल्यावर याचं काय होतं रे?"

झालं. शेठना आणखी काय हवं होतं?

"पुन्हा सांग," अप्पा म्हणाले. "सावकाश. मी म्हातारा माणूस."

शेठ मांडी बदलून बसले. एका हाताची तीन बोटं खाली सोडली आणि मनगट दुसऱ्या मुठीत धरलं.

"हा तुपाचा एक रेणू समजा. एक गाठ, तिला तीन शेपट्या. पाण्याशी याचं अजिबात जमत नाही. पाणी इकडून आलं तरी याची पाठ, तिकडून आलं तरी पाठ."

"तोंडच नाही?"

"असून नसल्यासारखं. अख्खं आहे तोवर सगळी पाठच पाठ."

"मग?"

"मग आतड्यात एक रस येतो. कात्रीच म्हणा. तो दोन शेपट्या कापतो. कच् कच्! आणि कापलं ना अप्पा, की प्रत्येक तुकड्याला पाण्याकडे बघायला तोंड मिळतं."

अप्पांनी मान वर केली.

"तुटल्यावर तोंड मिळतं?"

"हो तर! आणि एकदा तोंड मिळालं की तुकडे एकमेकांना धरून बसतात. शेपट्या आत, तोंडं बाहेर. कुठे चिरोट्यासारखे पदरावर पदर. कुठे नळ्या. कुठे जाळी, आणि जाळीत पाण्याच्या गल्ल्या. पचन पुढे सरकलं की आकारही बदलतो. शेवटी इवल्या इवल्या गोळ्या होतात, त्या आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचतात आणि माल आत जातो. दूध पचत असताना त्या बाईनं क्ष-किरण टाकून बघितलंय. म्हणाली, अशी शिस्त की आखून दिल्यासारखी."

"आणि आखून देणारा नाही."

"नाही."

"आणि तूप अख्खंच राहिलं तर?"

"तर अंगी लागत नाही. जसं आलं तसं गेलं."



तेवढ्यात शांतव्वा आली. मठाच्या स्वयंपाकघराचा सगळा कारभार तिचा. डबा उघडताना शेठचे दोन्ही हात तुपानं माखले होते, म्हणून ती तांब्या घेऊन आली. तिनं पाणी ओतलं. पाणी शेठच्या हातांवरून घरंगळत खाली गेलं, हात होते तसेच चकचकीत.

"तुमच्या तुपाला पाणी कुठलं लागायला, शेटजी," ती म्हणाली. कोपऱ्यातल्या मातीच्या भांड्यातलं रिठ्याचं पाणी तिनं वाटीभर आणलं. शेठनी हात चोळले. फेस आला, आणि तूप मुकाट्यानं पाण्याबरोबर निघून गेलं.

शेठचे डोळे लकाकले. "बघा, अप्पा! हेच! हेच काम आत पित्त करतं. तुपाची आणि पाण्याची ओळख करून देतं."

"चाखून बघ."

"काय?"

"रिठा."

शेठनी बोट चाटलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की शांतव्वाला पदर तोंडाला लावावा लागला.

"तूपवाल्याचं तोंड एवढं वाकडं झालेलं पहिल्यांदा बघितलं बाई."

"कडू?" अप्पांनी विचारलं.

"जहर!"

"आणि पित्त?"

"तेही कडूच."

"ते नसलं तर?"

"तर तुकडे नीट जमत नाहीत. जमले तरी पोचत नाहीत."

बाहेर चिंचेखाली कुणीतरी लाकडं फोडत होतं. अप्पा तो आवाज ऐकत बसले.

मग म्हणाले, "काशी कसा आहे?"

शेठचा हात वाटीतच थांबला.

काशिनाथ हा रेवणशेठचा धाकटा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी तो दुकानातून बाहेर पडला आणि समोरच्याच बाजूला त्यानं स्वतःचं तुपाचं दुकान टाकलं. मधे बारा पावलांचा रस्ता. रोज सकाळी दोघे एकाच वेळी शटर वर करत आणि दोघेही एकमेकांकडे पाठ करून. अकरा वर्षांत एक शब्द नाही.

महाप्रसादाला काशिनाथ यायचा. न चुकता. आणि यादीत त्याचं नाव न चुकता शेवटच्या रांगेत असायचं, खांबाच्या मागे, जिथे चपला काढतात तिथे. तूप वाढत शेठ तिथवर कधी पोचतच नसत. अलीकडच्या रांगेलाच त्यांचा हात दुखायला लागे आणि पळी शांतव्वाकडे जाई.

"बरा असेल," शेठ म्हणाले. "मला काय माहीत?"

"यादी बघू."

शेठनी खिशातून घडी काढली. दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरात भरलेला कागद. पहिल्या रांगा पुढच्या बाजूला, शेवटच्या मागच्या.

अप्पांनी ती वाचली नाही. मांडीवर ठेवली.

"यंदा यादी नको."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणी मांडायचं नाही. येतील ते बसतील."

शेठना आधी वाटलं, अप्पा थट्टा करताहेत. मग त्यांची कानशिलं तापली.

"अप्पा, चारशे माणसं आहेत. वेशीकडचे आणि मागच्या गल्लीतले बांधावरून भांडलेत, कोयते निघालेत. त्या दोन सोयऱ्यांचं मोडलेलं लग्न अजून ताजं आहे. कुणी कुणाशेजारी बसायचं हे ठरवलं नाही, तर हुग्गीचं पातेलं उलटं होईल."

"आत्ता म्हणालास, मांडणारा लागत नाही."

"ते तूप आहे. ही माणसं आहेत!"

"मग तूप जास्त शहाणं म्हणायचं."

शांतव्वा हसली नाही. तिनं वाटी उचलली आणि दाराशीच उभी राहिली.

"अठरा वर्षं," शेठचा आवाज चढला. "अठरा वर्षं या पंगतीत एक भांडण झालं नाही. कुणामुळे?"

"अठरा वर्षं या पंगतीत कुणी कुणाशी बोललंही नाही. ते कुणामुळे?"

"असं असेल तर हा डबा मी परत नेतो."

"ने."

"बिनतुपाची हुग्गी वाढणार?"

"वाढू."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, बिनतुपाची होती."

शेठ उठून उभे राहिले. गुरू असले तरी काय झालं? त्यांच्या दुकानात कुणी असं बोललं असतं तर त्याला पायरी उतरताना दोन्ही चपला सापडल्या नसत्या.

"तुमचा मठ, तुमची मर्जी. पण जे मोडलं ते मोडलं, अप्पा. ते कुणाच्या आशीर्वादानं जुळत नाही. माझी यादी द्या."

अप्पांनी उघड्या डब्यात चार बोटं बुडवली. बोटांवरचं तूप यादीच्या कागदाला पुसलं. मग कागद उलटा केला आणि दुसऱ्या बाजूलाही पुसलं. घाई न करता, आई पोळीला लावते तसं. मग तो शेठच्या हातात दिला.

"वाच."

कागद काचेसारखा झाला होता. मागची नावं पुढच्या नावांत येऊन बसली होती. पहिल्या रांगेत, शेठच्या स्वतःच्या नावाला चिकटून, उलट्या अक्षरांत, काशिनाथ.

"वाचता येत नाही," शेठ म्हणाले. "मागचे पुढे आलेत."

"हं..."

शेठ डब्याचं झाकण लावायला वाकले. ते नीट बसेना. त्या कागदानं हात पुन्हा निसरडे झाले होते.

"रेवण, एक सांग. रवा पडायला काय करावं लागतं?"

शेंबड्या पोरानं उत्तर द्यावं असा प्रश्न. शेठ खाली बघतच म्हणाले, "काही नाही. तूप कढलं की उतरवायचं, झाकण ठेवायचं आणि हात लावायचा नाही. बघायलाही जायचं नाही. रवा आपला आपण पडतो."

"आणि त्या वर्षी?"

शेठचे हात थांबले.

त्या वर्षी म्हणजे अकरा वर्षांपूर्वी. याच महाप्रसादाचं तूप. कढवलं काशिनाथनं, उतरवलं काशिनाथनं. दुसऱ्या दिवशी झाकण काढलं तर आत रवा नाही. नुसतं गुळगुळीत, मेणासारखं तूप. आणि शेठ सगळ्या पेठेसमोर, गिऱ्हाइकांसमोर, गड्यांसमोर म्हणाले होते, "तुझ्या हाताला रवाच नाही. तू या धंद्यात कशाला मरायला आलास?" काशिनाथनं काही न बोलता खांद्यावरचं फडकं खुंटीला लावलं आणि पायरी उतरला.

"त्या वर्षी," अप्पा म्हणाले, "झाकण कुणी उघडलं होतं?"

"कढवलं काशीनं होतं."

"मी ते विचारलं नाही."

शेठनी डबा उचलला. नमस्कार केला, पण नुसता मानेनं. आणि ते मठाची पायरी उतरले.

अर्धा माळ ओलांडेपर्यंत त्यांनी मागे पाहिलं नाही. डबा पंधरा किलोचा, ऊन डोक्यावर. हा हात दुखला की त्या हातात, तो दुखला की या हातात.

चार वेळा.

चार वेळा उघडलं होतं झाकण. काशी जेवायला गेला होता आणि शेठना राहवलं नव्हतं. धाकट्याच्या हातचं तूप, जमतंय की नाही? पहिल्यांदा नुसतं डोकावून पाहिलं. दुसऱ्यांदा पातेलं हलवून. तिसऱ्यांदा वाऱ्याकडे सरकवून, लवकर निवावं म्हणून. चौथ्यांदा पळी घालून.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. खरं तर स्वतःलाही नीटसं नाही.

महाप्रसादाच्या दिवशी शेठ आले. न येऊन लोकांना सांगणार काय? डबाही आणला. तूप नाही म्हणून मठाची अब्रू जावी, इतके ते हलके नव्हते. पण मनात ठरवून आले होते. कागद गेला तर गेला. यादी तोंडपाठ होती. पायरीवर उभं राहायचं आणि सुरू करायचं. बघू कोण अडवतो ते.

अप्पा पायरीवरच बसले होते. शेठ तोंड उघडणार तोच त्यांनी शेठच्या एका हातात पातळ केलेल्या कोमट तुपाचं भांडं दिलं आणि दुसऱ्या हातात पळी.

झालं, तोंड बंद. कारण मठाची जुनी रीत अशी, की तुपाची पळी हातात घेतलेल्या माणसानं शेवटच्या पानापर्यंत बोलायचं नाही. आणि दुसरी रीत, सगळ्या पानांवर तूप पडल्याशिवाय पंगतीत कुणी घास उचलायचा नाही.

शेठनी अप्पांकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर जळून गेला असता. अप्पा चिंचेच्या शेंड्याकडे बघत होते.

ठीक आहे. शेठ खांबाला टेकून उभे राहिले. होऊ दे गोंधळ.

आणि झालाच गोंधळ. पत्रावळी मांडलेल्या, आणि चारशे माणसं अंगणात उभी. सगळ्यांचे डोळे शेठच्या तोंडाकडे. कुणीच बसेना. वेशीकडचे एका कडेला, मागच्या गल्लीतले दुसऱ्या. एक घटका गेली असेल. कुणीतरी ओरडलं, "शेठ, वाचा की यादी! हुग्गी निवली!"

शेठनी भुवया उडवून अप्पांकडे बोट दाखवलं. विचारा त्यांना.

मनातून त्यांना गुदगुल्या होत होत्या.

मग वेशीकडची म्हातारी मल्लव्वा, जिचे गुडघे दहा वर्षांपासून गेलेले, करवादली, "मेले उभे राहून मरा सगळे. मी बसते." आणि भिंतीला टेकायला मिळेल म्हणून ती सरळ मागच्या गल्लीवाल्यांच्या कडेला जाऊन बसली. तिला धरून तिची सून बसली. सुनेची माहेरची ओळखीची एक तिथेच होती, तिनं पदर ओढून तिला जवळ घेतलं. दात नसलेले भाताच्या पातेल्याजवळ सरकले. तान्ह्यांच्या आया दारापाशी, वाऱ्याला. ज्यांना राजकारण बोलल्याशिवाय घास उतरत नाही, ते एकमेकांना शोधून कोंडाळं करून बसले, त्यात दोन्ही गल्ल्यांचे होते. बांधावरून भांडलेले दोघे पाठीला पाठ लावून बसले, पण बसले. रांगा कसल्या, कुठे वेटोळं, कुठे चंद्रकोर, कुठे दोन ओळी इतक्या जवळ की वाढप्यांना पाय तिरका टाकावा लागावा. पण पान एकही रिकामं नाही, आणि माणूस एकही उभा नाही.

शेठ बघत राहिले. कोपरान् कोपरा. चिरोटे, नळ्या, जाळी...

त्यांच्या तोंडाला पुन्हा रिठ्याची चव आली.

मग पळी भरली आणि निघाले. एक पान, एक धार. दुसरं पान, दुसरी धार. यादी नव्हती, त्यामुळे पुढचं पान कुणाचं हे पुढच्या पानापाशी गेल्यावरच कळायचं. हात दुखायला लागला तेव्हा शांतव्वा पुढे झाली. शेठनी मान हलवली. नको.

आणि शेवटचं एक पान उरलं तेव्हा, पंगतीच्या ऐन मधोमध, पळी पुढे झाली आणि पानावर एक हात आडवा आला.

पानावर आडवा हात म्हणजे नको.

शेठनी हात ओळखला. करंगळीवर कढईचा जुना डाग. लहानपणी तो डाग पडला तेव्हा त्यावर तूप शेठनीच लावलं होतं.

काशिनाथ खाली बघत होता. तोही मुद्दाम इथे बसला नव्हता. उशिरा आला होता, आणि हे एवढंच पान उरलं होतं.

शेठ थांबले. पंगत थांबली. चारशे पानांवर हुग्गी, आणि चारशे हात मांडीवर. कोंडाळ्यातलं राजकारणसुद्धा थांबलं.

"घे की रे काशी," मल्लव्वा भिंतीकडून ओरडली. "आमच्या जिवाशी खेळ कशाला?"

हात हलला नाही.

"मला नको त्यांचं तूप," काशिनाथ पानाकडे बघत म्हणाला. "माझ्या हाताला रवा नाही. खाणाऱ्या हातालाही नसेल."

कुणीतरी खाकरलं. शांतव्वानं डोळे मिटले.

शेठनी अप्पांकडे पाहिलं. अप्पा पायरीवर आपल्या पानापुढे बसले होते, हात मांडीवर. बाकीच्यांसारखेच थांबलेले.

"झाकण मी उघडलं होतं," शेठ म्हणाले.

पंगतीत कुजबुज झाली. पळी हातात असताना शेठ बोलले होते. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

काशिनाथनं मान वर केली.

"चार वेळा," शेठ म्हणाले. "शेवटच्या वेळी पळी घातली."

"माहीत आहे मला."

"काय?"

"पातेलं मी भिंतीशी ठेवलं होतं, ते खिडकीत होतं. तुपात पळीचा ओघळ होता. आंधळा नाही मी."

शेठच्या हातातलं भांडं कलतं झालं. शांतव्वानं ते खालून सावरलं.

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही सांगितलंत."

"आता विचारतो," शेठ म्हणाले. "वाढू?"

काशिनाथचे डोळे भरले होते, पण हात पानावरच होता. घट्ट. अकरा वर्षं तो हात तिथेच होता.

"नको म्हटलं ना."

रेवणशेठनी आयुष्यात कुणाचा नकार ऐकून घेतला नव्हता. आजही घेतला नाही. त्यांनी पळी काठोकाठ भरली आणि ओतली. त्या आडव्या हातावरच.

कोमट तूप मनगटावरून बोटांवर आलं, बोटांच्या फटींतून खाली गळलं आणि हुग्गीवर पसरलं. एक पळी. मग दुसरी.

"अण्णा!" काशिनाथ ओरडला. "अहो, काय करताय? हात भरला सगळा!"

अण्णा. पंगतीतल्या प्रत्येकानं ते ऐकलं.

शेठचा धीर तिथे सुटला. भांडं खाली ठेवून ते धोतराच्या सोग्यानं भावाचा हात पुसायला लागले, पण तूप ते. पुसावं तितकं पसरत होतं, आता दोघांचेही हात माखले होते. "शांतव्वा," ते ओरडले, "रिठ्याचं पाणी आण! लवकर! याचा हात धुवायला हवा!"

शांतव्वा वळली.

"थांब," अप्पा पायरीवरून म्हणाले.

ती थांबली. सगळे थांबले.

अप्पांनी आपल्या पानावरचा पहिला घास बोटांनी कालवला.

"धुऊ नको, काशी. त्याच हातानं कालव."